पहिल्यांदाच क्रूझ, सोबत आई-बाबा: मुंबईहून जावं की सिंगापूरहून?

कस्तुरी_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आई-बाबांच्या लग्नाला यंदा ५० वर्षं पूर्ण होतायत. बाबा लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने वेंगुर्ल्याला जायचे, त्या प्रवासाबद्दल अजूनही भरभरून बोलतात. म्हणून त्यांना मोठ्या जहाजातून न्यायचं ठरवलंय. जाणारे पाच जण: बाबा ७६, आई ७२, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. आईचे गुडघे दुखतात आणि घाटात तिला हमखास गाडी लागते. आम्ही पूर्ण शाकाहारी. दिवाळीनंतर निघायचा विचार आहे.
मुंबईहूनच जावं की सिंगापूरला जाऊन मोठं जहाज घ्यावं? केबिन कुठली घ्यायची? आईला बोट लागली तर काय? आणि खर्चाचा खरा आकडा कसा काढायचा? वेबसाइटवर एक दिसतो, एजंट भलताच सांगतो.

सातासमुद्री
पहिली वेळ आणि सोबत सत्तरीपुढची माणसं, तर मुंबईहूनच जा, तेही दोन-तीन रात्रींसाठी. आईंना समुद्र मानवतो की नाही हे आधी कळू दे. सिंगापूरला विमान, व्हिसा, हॉटेल एवढं सगळं केल्यावर तिथे कळलं की त्यांना उठून बसवत नाही, तर सगळ्यांचाच विरस होईल.

मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' जातं. जहाज १९९० सालचं आहे, आधी रॉयल कॅरिबियन या परदेशी क्रूझ कंपनीकडे होतं. लांबी साधारण २११ मीटर. यूट्यूबवर वॉटर पार्कवाली ३६५ मीटरची अजस्र जहाजं बघून जाल तर हे लहान वाटेल, केबिनही आटोपशीर आहेत. पण तुमच्यासाठी हे सोयीचंच आहे. आईंना लिफ्टपासून जेवणाच्या हॉलपर्यंत मैलभर चालावं लागणार नाही. मोठ्या जहाजांवर थकवा येतो तो त्या न संपणाऱ्या कॉरिडॉरमुळे. जेवणाचं तर बघायलाच नको, शाकाहारी आणि जैन दोन्ही व्यवस्थित मिळतं.

वेळही बरोबर निवडलीत. पावसाळ्यात आपल्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो. दिवाळीनंतर तो बराच शांत होतो.

दर्यावर्दी_७०
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, म्हणून केबिनबद्दल मी लिहितो. यावर पैसे नाही, अक्कल खर्च करायची असते.

जहाज दोन तऱ्हांनी हलतं: डावी-उजवीकडे कलतं आणि पुढचं-मागचं टोक वरखाली होतं. दोन्ही हालचाली सगळ्यात कमी जाणवतात त्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर. वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची केबिन दिसायला झकास आणि भाड्याला महाग, पण बोट लागणाऱ्या माणसाला तिथेच सर्वांत जास्त त्रास होतो. तेव्हा आई-बाबांना मधली, खालच्या डेकची आणि शक्यतो खिडकीची केबिन घ्या. खिडकी अशासाठी की क्षितिज डोळ्यांना दिसत राहिलं की मळमळ कमी होते. बंद केबिनमध्ये डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कान सांगतात हलतंय, आणि तिथूनच गडबड सुरू होते.

बुकिंगआधी डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, मागवा. निवडलेल्या केबिनच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवण्याचे आवाज, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम.

कस्तुरी_डोंबिवली
दर्यावर्दीकाका, खूप आभार. आम्ही पाच म्हणजे दोन केबिन घ्याव्याच लागतील ना? आणि आईला आधी थोडी सवय करून देता येईल का?

दर्यावर्दी_७०
हो, दोन. एका केबिनमध्ये सहसा चारच जण बसतात. शेजारशेजारच्या हव्यात हे बुकिंग करतानाच फोनवर सांगा, नंतर जमवणं अवघड. आणि एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने, म्हणजे गाड्या आणि माणसं नेणाऱ्या फेरीबोटीने, जाऊन या. तासाभराचा प्रवास आहे. खोल समुद्राची परीक्षा ती नव्हे, पण आईंची भीती मोडेल आणि बाबांना जुना धक्काही बघायला मिळेल.

डॉ_शिवाजीपार्क
बोट लागण्याबद्दल. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू झाल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही, ती आधी घ्यायची असते. मात्र ७२ व्या वर्षी मनाने घेऊ नका. या गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो. हलत्या जहाजावर, दुखऱ्या गुडघ्यांनी, ते धोक्याचं आहे. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर आणखी जपायला हवं, हे बाबांनाही लागू आहे. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा. त्यांनी होकार दिला तर एक गोळी घरीच, निवांत दिवशी देऊन बघा, किती झोप येते ते कळेल.
रिकाम्या पोटी बसू नका, तुडुंबही जेवू नका. आलेपाक जवळ ठेवा. मळमळायला लागलं तर केबिनमध्ये आडवं होण्याआधी मोकळ्या डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे बघत बसा.

पार्लेकर_अनघा
कस्तुरी, मी सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून एक बारीक गोष्ट सांगते. केबिनच्या बाथरूमला वीतभर नसला तरी चांगला जाणवेल इतका उंबरठा असतो. रात्री झोपेत, त्यातून जहाज हलत असताना, पाय तिथेच अडखळतो. आम्ही पहिल्याच रात्री उंबरठ्याच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावली, निघताना काढून टाकली. आणि बॅटरीवर चालणारा छोटा दिवा न्या. खिडकीचे पडदे ओढले की आत मिट्ट काळोख होतो. केटल, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड मात्र नेऊ नका, सिक्युरिटीत काढून घेतात.

दुसरं, टर्मिनलवर मोठ्या बॅगा टॅग लावून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात. त्यामुळे औषधं, ओळखपत्रं, चष्मे, लेकीचा स्विमिंग कॉस्च्यूम हातातल्या पिशवीत ठेव. कॉस्च्यूम विसरू नकोस. बॅग येईपर्यंत पोरं पुलाच्या काठावर रडवेली होऊन बसलेली मी पाहिली आहेत.

सातासमुद्री
खर्चाचं राहिलं. भाडं माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतं. त्यावर पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) आणि जीएसटी. एजंटाला एकच वाक्य लिहून पाठवा: "पाच जणांचा, दोन केबिनचा, सगळे कर आणि चार्जेस धरून अंतिम आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी द्या." आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एजंटाने नुसतं भाडं सांगितलं होतं, बाकीचं बिल पैसे भरायच्या दिवशी पुढे आलं. जेवण, शो, पूल भाड्यात येतं. दारू, खास रेस्टॉरंट, स्पा, वाय-फाय आणि बंदरावरच्या सहली वेगळ्या.

जहाजावर सगळा व्यवहार केबिनच्या कार्डावर होतो, रोख द्यावी लागत नाही. त्यामुळे खर्च होतोय हे जाणवत नाही, रोज रात्री रिसेप्शनवर हिशेब बघा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो समुद्रातलं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं भरमसाट बिल येतं.

पुढे कधी सिंगापूर केलंत तर आदल्या दिवशीच पोहोचा, ज्या दिवशी जहाज त्याच दिवशी विमान कधीही नको. जहाज परक्या बंदराला जाऊन परत सिंगापूरला येतं, तेव्हा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे तपासा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. परदेशी पॅकेजवर कापलेला टीसीएस (पॅकेज विकणारा आपल्याकडून आगाऊ घेतो तो कर) आयकर विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो, पावती जपा.

कस्तुरी_डोंबिवली
अनघाताई, चिकटपट्टीचं कधीच सुचलं नसतं! आता प्रश्न गोवा की लक्षद्वीप. नवऱ्याचं मन लक्षद्वीपवर आहे.

दर्यावर्दी_७०
लक्षद्वीपचं पाणी स्वर्ग आहे, पण या वेळी नको. तिथे एवढं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, ते बाहेर उभं राहतं. प्रवाशांना छोट्या बोटीत उतरवून बेटावर नेतात. जहाज एका लयीत हलतं, बोट दुसऱ्या. योग्य क्षण साधून पाऊल टाकायचं असतं. खलाशी धरतात, पण गुडघेदुखीवाल्यांना ते जड जातं. समुद्र चढा असेल तर उतरणं रद्दही होतं. गोव्याला जहाज थेट मुरगावच्या धक्क्याला लागतं, जिन्याने उतरायचं, बस्स.

फोंड्याची_माशेली
गोवेकर म्हणून सांगते, मुरगाव म्हणजे वास्को. तिथून कळंगुट-बागाला निघालात तर अर्धा दिवस रस्त्यातच जाईल. आई-बाबांना मंगेशी आणि शांतादुर्गेला न्या, जवळजवळच आहेत दोन्ही देवळं. लेकीसाठी बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय आहे, वास्कोपासून अगदी जवळ. सोमवारी बंद असतं, तेवढा वार बघून घ्या. गाडी आधी ठरवा आणि चालकाला जहाजावर परतायची वेळ सांगताना दीड-दोन तास आधीची सांगा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबतं, स्वतः गेलेल्यांसाठी नाही थांबत.

सातासमुद्री
निघायच्या दिवशी सीएसएमटीला उतरून बॅलार्ड पियरपर्यंत टॅक्सी करा. तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. वेब चेक-इन घरूनच करा, मूळ आधार किंवा पासपोर्ट प्रत्येकाचा हवा, पॅन कार्ड धरू नका. आईंसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा, लाजू नका, रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं. आणि जहाज सुटण्याआधीची सुरक्षा कवायत सगळ्यांना सक्तीची आहे. २०१२ मध्ये इटलीजवळ झालेल्या 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर हा नियम कडक झाला. लेकीला लाइफ जॅकेट कसं घालायचं ते तिथे नीट बघू द्या.

दर्यावर्दी_७०
कवायत झाली की बाबांना लगेच वरच्या मोकळ्या डेकवर न्या. गेटवे आणि ताज उजव्या हाताला दिसतील, मग कुलाब्याच्या दांडीपुढचं प्राँग्स दीपगृह. तोवर बाकीचे सगळे त्याच बाजूला फोटोंसाठी गर्दी करतील. तुम्ही बाबांना डावीकडे खुर्ची टाकून द्या. अलिबागच्या अंगाने खांदेरी-उंदेरी येतील, उजेड असेल तर खांदेरीची तटबंदी ओळखू येते. वेंगुर्ल्याच्या बोटीतून त्यांनी हीच बाजू पाहिलेली असणार. दुर्बीण असेल तर घ्या.