शब्दचर्चा : सेंपाई, कोकुहाकू आणि बुटांच्या कप्प्यातली निनावी चिठ्ठी

शाईदौत :
एका शालेय मंगाचं (जपानी चित्रकथेचं) मराठी रूपांतर चालू आहे. मामला नेहमीचाच: जपानी शाळा, दोन जिवलग मैत्रिणी, एक वरच्या वर्गातला मुलगा, आणि एके दिवशी बुटांच्या कप्प्यात निनावी चिठ्ठी. चिठ्ठी कोणाची, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळता कामा नये. अडलेले शब्द: सेंपाई (वरच्या वर्गातला विद्यार्थी), कोकुहाकू (आवडत्या व्यक्तीला मनातलं सांगणं), ओसानानाजिमी (बालपणापासूनचा सोबती), नाझो (कोडं). शिवाय ‘कोको निनेन्सेई’ला ‘हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला’ म्हटलं तर चालेल का?

काना-मात्रा :
शेवटचं आधी. ‘हायस्कूल’ नको. आपलं हायस्कूल दहावीला संपतं. जपानी कोको दहावीपासून सुरू होतं. तिकडे सहा वर्षं प्राथमिक, तीन माध्यमिक, तीन कोको. म्हणजे कोकोचं दुसरं वर्ष वयाने आपली अकरावी. पण ‘अकरावी’ लिहिलंत की वाचकाला ज्युनिअर कॉलेज, मोकळे कपडे आणि बंक केलेली लेक्चर्स दिसणार. तिथे गणवेश आहे, वर्गशिक्षक आहे आणि शाळा सुटल्यावर वर्ग झाडायची पाळीसुद्धा आहे. ‘उच्च माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला’ लिहा, पहिल्या प्रकरणात वय एकदा सांगून टाका आणि पुढे नुसतं ‘दुसऱ्या वर्षाची मुलं’.

सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, मार्चमध्ये संपतं. पहिल्या पानावर साकुरा (चेरीचा बहर) असतो तो म्हणूनच. तिथे जून आणि पाऊस आणू नका. सेंपाई मार्चमध्ये शाळा सोडून जाणार, ही टांगती तलवार निम्म्या प्रेमकथांना पुढे ढकलते.

सेंपाई असाच लिहा, ‘सेन्पाई’ नको. जपानीत प-च्या आधीचा तो अनुनासिक ‘म्’ होतो आणि मराठी अनुस्वारही प-च्या आधी ‘म्’च होतो (चंपा, कंप). फुकटात बरोबर उच्चार मिळतोय. कोकुहाकू, बुकात्सू (शाळेनंतरचा क्लब) यांचा शेवटचा उकार आपल्या नियमाने दीर्घ. ‘त्सू’ म्हणजे खरं तर ‘चूक’मधला ‘चू’, पण ‘बुकाचू’ लिहिलं तर निम्मे लोक ‘चिवडा’तला च वाचतील.

रविवारचा वाचक :
सेंपाईला ‘दादा’ का नको? आपल्या शाळांत वरच्या वर्गातल्या मुलांना दादा-ताईच म्हणतात की.

काना-मात्रा :
म्हणतात, आणि तिथेच घात होतो. नायिकेने एकदा ‘दादा’ म्हटलं की राखीच बांधली. पुढची दोनशे पानं वाया. बुकात्सूतल्या दुय्यम सेंपाईंना ताई-दादा खुशाल करा. ज्याच्यावर जीव जडणार आहे त्याला सेंपाईच राहू द्या. ‘सीनियर’ चालेल, पण ते वर्णन आहे, हाक नाही. ‘सीनियर, जरा थांबा ना’ असं कोणी म्हणत नाही.

उंबरा :
हाकेचाच विषय निघालाय तर यातला सर्वांत मोठा खड्डा दाखवतो: आडनाव.

जपानी वर्गात आडनावाने हाक मारणं म्हणजे अंतर. मुलगा मुलीला ‘सातो-सान’ म्हणतो, ती त्याला ‘यामादा-कुन’ (सान, कुन हे नावामागे लागणारे आदराचे प्रत्यय). महिनोन्‌महिने तसंच. मग एका प्रकरणात कोणीतरी पहिल्यांदा नुसतं नाव घेतं, मागचं सान-कुन गळून पडतं, आणि अख्खं पान त्या एका हाकेला दिलेलं असतं. या प्रत्यय गाळण्याला योबिसुते म्हणतात.

आता मराठी बघा. आपल्याकडे आडनाव ही दोस्तीची खूण आहे. ‘ए कुलकर्ण्या’, ‘जोश्या, डबा आण’. ‘यामादा, इकडे ये’ असं कोरडं ठेवलंत तर मराठी वाचकाला ते दोघं बालवाडीपासूनचे यार वाटतील. अर्थ बरोबर उलटा झाला.

उपाय: सान-कुन तसेच ठेवा, गाळू नका, आणि अंतर क्रियापदात टाका. दोन्ही मिळून काम करतात. आधी ‘सातो-सान, तुम्ही येणार आहात का?’ आणि वळणाच्या पानावर ‘हारुका, येतेस?’ अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं मराठी वाचकाला न सांगता समजतं. मात्र एकदा ‘तू’वर आलात की परत ‘तुम्ही’वर जाऊ नका. गेलात तर भांडण झालंय असाच अर्थ निघेल. (मूळ कथेत भांडण झालंच असेल आणि तिने पुन्हा ‘यामादा-कुन’ सुरू केलं असेल, तर हे हत्यार हातात तयार आहे.) मुली-मुलींत मात्र पहिल्या पानापासून अगं-तुगं. त्यांना तुम्ही म्हणायला लावलंत तर भिशीतल्या बायका वाटतील.

शाईदौत :
हे फारच कामाचं. कोकुहाकूला ‘प्रेमाची कबुली’ लिहिलंय सध्या.

रविवारचा वाचक :
कबुली पोलीस ठाण्यात देतात हो. बोलण्यात ‘प्रपोज केलं’ किंवा नुसतं ‘विचारलं’. ‘मग, विचारलंस का तिला?’ एवढं पुरतं.

उंबरा :
‘विचारलं’ला माझं मत. ‘प्रपोज’पासून जपून. मराठी पोरं पहिल्या भेटीलाही प्रपोज म्हणतात, पण जपानीत ‘पुरोपोझू’ म्हणजे लग्नाचीच मागणी. पुढच्या खंडात तीच पात्रं मोठी होऊन लग्नाचं बोलली तर तुमच्याकडे शब्द उरणार नाही.

कोकुहाकूचा साचा ठरलेला असतो: बुटांच्या कप्प्यात चिठ्ठी, शाळा सुटल्यानंतरची वेळ, गच्ची किंवा इमारतीची मागची बाजू, मग ‘सुकी देस. त्सुकियात्ते कुदासाई.’ पहिल्या वाक्याला मराठी अगदी फिट्ट बसते. ‘सुकी’ म्हणजे आवडणं, आणि ‘मला तू आवडतोस’मध्ये आपल्याकडेही जो आवडतो तोच कर्ता. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे मात्र फार जड. ते ‘आई शितेरू’साठी राखून ठेवा, आणि ते शालेय मंगात क्वचितच येतं.

दुसऱ्या वाक्यात गंमत आहे. त्सुकियाउ म्हणजे जोडी म्हणून फिरणं आणि एखाद्याच्या सोबतीला जाणंही. म्हणून ‘त्सुकियात्ते’वर समोरचा बावळटपणे ‘कुठे, खरेदीला?’ विचारतो. हा विनोद इतक्या ठिकाणी आलाय की तुमच्या कथेत असणारच. ‘माझ्याबरोबर येशील?’ असं केलंत की तो मराठीत आपोआप चालतो.

बोकोबा :
चिठ्ठीकडे कोणी वळलंच नाही. रूपांतर फसणार तर तिथेच. जपानी क्रियापदाला लिंग नसतं. मराठी क्रियापद पहिल्या ओळीत चोर पकडून देतं. जरा मसुदा टाका.

शाईदौत :
‘मी तुला रोज लायब्ररीत बघते. तू मला आवडतोस. आज शाळा सुटल्यावर गच्चीवर ये, मी वाट बघतेय. तुझीच, एक मैत्रीण.’

बोकोबा :
चार वाक्यांत चार वेळा लिहिणारी मुलगी असल्याचं सांगितलंत. वर ‘आवडतोस’मुळे चिठ्ठी मुलासाठी आहे हेही फुटलं. चिठ्ठी चुकीच्या कप्प्यात पडली, असं पुढे निघणार असेल तर तेही गेलं.

मराठीत लिंग लपवायच्या जागा अशा. भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं: ‘मी चिठ्ठी ठेवली’, ‘मी तुम्हाला पाहिलं’. कोणीही म्हणू शकतं. अपवाद सांभाळा. विसरणे, बोलणे, शिकणे, म्हणणे ही कर्त्यामागे जातात, ‘मी विसरले’ लिहिलं की संपलं. भविष्यकाळ सुरक्षित: येईन, थांबेन, वाट पाहीन. ‘मला बोलायचं आहे’, ‘मला ठाऊक आहे’ हेही सुरक्षित. वर्तमानकाळ (बघतो, बघते) टाळाच. समोरच्याला ‘तुम्ही’ केलं की ‘आवडता’ दोघांनाही लागू. सहीत आपला, आपली, मित्र, मैत्रीण काही नको. नपुंसकलिंगी ‘कुणीतरी’ घ्या.

‘काल लायब्ररीत तुम्हाला पाहिलं. तुम्ही मला आवडता. आज शाळा सुटल्यावर गच्चीवर या, बोलायचं आहे. मी वाट पाहीन. तुमच्याच वर्गातलं कुणीतरी.’

मूळ चिठ्ठी बहुतेक देस-मासच्या आदरार्थी भाषेत असेल, म्हणून ‘तुम्ही’ खटकणार नाही. निवेदनात ‘तो’ किंवा ‘ती’ लिहायची वेळ आली तर ‘ती व्यक्ती’.

एक बघून घ्या: मूळ चिठ्ठीत ‘मी’साठी कोणता शब्द आहे? वाताशी असेल तर लिखाणात कोणाचाही. बोकू असेल तर लेखकाने मुद्दाम मुलाकडे बोट दाखवलंय. तसं असेल तर तुम्हीही लपवू नका, ‘वाट बघतो’ लिहून वाचकाला चकवा.

रविवारचा वाचक :
बोकू म्हणणाऱ्या मुलीही असतात ना मंगात?

बोकोबा :
असतात, त्यांना बोकुक्को म्हणतात. अशी मुलगी मराठीत ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणाली की झालं. कोल्हापूरकडच्या वाचकांना मात्र त्यात काहीच वेगळं दिसणार नाही, तिथे बायका सर्रास असंच बोलतात.

काना-मात्रा :
नाझो राहिला. ‘रहस्य’ हा आपला सरसकट शब्द, पण जपानीत तीन वेगळे: नाझो म्हणजे उकलायचं कोडं, हिमित्सू म्हणजे गुपित, फुशिगी म्हणजे आक्रीत. मराठीत हा भेद आधीच पाडलेला आहे. बाबूराव अर्नाळकरांची ती रहस्यकथा, रत्नाकर मतकरींची ती गूढकथा. चिठ्ठी कोणाची, हे रहस्य. शाळेची ‘सात फुशिगी’ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहातली हानाको-सान वगैरे दंतकथा, त्या ‘शाळेतली सात गूढं’. मैत्रिणीने लपवलेलं ते गुपित.

ओसानानाजिमी मुलगा-मुलगी दोघांना चालतो. ‘लंगोटीयार’ मुलीला कसा लावणार? ‘लहानपणापासूनची ओळख’ असं फोडून लिहा, किंवा ‘शेजारचाच, बालवाडीपासूनचा’.

शाईदौत :
आणि पानभर पसरलेलं ‘दोकी’ (काळजाच्या ठोक्याचा आवाज)?

उंबरा :
एकदाच असेल तर आणि चिठ्ठी लपवणारी पकडली जात असेल तर ‘धस्स!’. तेच प्रेमाच्या चौकटीत आलं तर ‘धस्स’ नको, ते भीतीचं आहे. तिथे ‘धक्!’ लिहा. दोकीदोकी म्हणजे सरळ ‘धडधड’. वर्गात कुजबुज चालू असते ते ‘झावाझावा’, त्याला ‘कुजबुज कुजबुज’. ‘शीईन’ हा शांततेचा आवाज आहे. त्याला मराठीत आवाज नाही, चौकट रिकामी सोडा.

बोकोबा :
मसुद्यात गच्चीऐवजी ‘ताईइकुकानच्या मागे’ असं असेल तर ‘जिमच्या मागे’ करू नका, वाचकाला वजनं दिसतील. तो बास्केटबॉल खेळण्याएवढा बंदिस्त हॉल असतो. ‘क्रीडागृहाच्या मागे’.