सोनेशोधक छोट्या कंपन्या खरोखर स्वस्त असतात का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-४०२: नमस्कार. टोरोंटोत राहणारा माझा मावसभाऊ सोन्याचा शोध घेणाऱ्या एका छोट्या कंपनीचे समभाग घेण्याचा आग्रह करत आहे. जमिनीत दहा लाख औंस सोने आहे आणि कंपनीच्या सगळ्या समभागांच्या बाजारमूल्याला त्या औंसांनी भागले तर औंसामागे जेमतेम २० डॉलर पडतात, म्हणून कंपनी फार स्वस्त आहे, असे तो म्हणतो. ए-१०३ मधील काकांनी उभी हयात खनिज सर्वेक्षणात घालवली आहे, त्यामुळे त्यांचे मत हवे आहे.

ए-१०३: हिशेब बरोबर आहे, पण ते दहा लाख औंस कोणत्या वर्गातले आहेत, हे आधी विचारा. ‘इन्फर्ड’ म्हटलेला साठा दूरदूर घेतलेल्या मोजक्या विंधणविवरांवरून बांधलेला अंदाज असतो आणि त्यातले किती सोने फायद्यात काढता येईल, हे कोणीही ठरवलेले नसते.

दुसरे म्हणजे नमुने. विंधणातून निघालेला खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो आणि उरलेला अर्धा पेटीत खोलीच्या नोंदीसह ठेवतात, म्हणजे कोणालाही पुन्हा तपासता येतो. कॅल्गरीच्या ब्रे-एक्स कंपनीने बोर्निओतील बुसांग येथे जवळजवळ सगळा कोअर दळून टाकला आणि त्या भुकटीत बाहेरचे सोने मिसळले गेले. त्यातले कण नदीच्या वाळूतल्या सोन्यासारखे गोलसर होते. समभागांचे एकूण मूल्य ६०० कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर गेले होते. मार्च १९९७ मध्ये फ्रीपोर्ट या अमेरिकी खाणकंपनीने शेजारी स्वतःची विवरे घेतली तेव्हा तिथे नगण्य सोने निघाले. अर्धा कोअर जपलेला असता, तर हे कितीतरी आधी उघडकीस आले असते, असे मला आजही मनापासून वाटते.

सी-२०५: त्यानंतर कॅनडाने नियम कडक केले ना, काका?

ए-१०३: होय, खनिज साठ्यांची माहिती कशी जाहीर करायची हे सांगणारा ४३-१०१ हा नियम २००१ पासून लागू आहे आणि साठ्याच्या तांत्रिक अहवालावर पात्र तज्ज्ञाची सही लागते. मात्र सोने खरे असले तरी गुंतवणूकदाराच्या हाती ते पोहोचेलच असे नाही. इक्वाडोरमधील फ्रुता देल नोर्ते हा साठा २००६ मध्ये ऑरेलियन या छोट्या कंपनीला सापडला. एप्रिल २००८ मध्ये तिथल्या संविधान सभेने खाणकाम थांबवले, त्याच वर्षी किनरॉस या मोठ्या सोनेखाण कंपनीने ऑरेलियन सुमारे १२० कोटी कॅनेडियन डॉलरना घेतली, पण कराच्या अटी न जुळल्याने २०१३ मध्ये काम सोडले. पुढे लुंडिन गोल्डने तो साठा २४ कोटी अमेरिकी डॉलरना घेतला आणि पहिले सोने निघाले नोव्हेंबर २०१९ मध्ये.

शिवाय या कंपन्यांना उत्पन्न नसते. विंधणाचा खर्च नवे समभाग विकून भागवतात. दहा कोटी समभागांचे पंधरा कोटी झाले आणि साठा तेवढाच राहिला, तर तुमच्या समभागामागचे सोने एक तृतीयांशाने घटते. तुमच्या भावाच्या २० डॉलरच्या हिशेबात हे कुठेच येत नाही.

बी-४०२: मग नेमके काय मागवू?

ए-१०३: तांत्रिक अहवाल आणि ताज्या तिमाहीची शिल्लक रोकड. नमुन्यांच्या तपासणीचे प्रकरण आपण दोघे एकत्र वाचू. तोवर पैसे पाठवू नका.