कानातला आवाज रात्रीच का वाढतो?

बाहेर काही वाजत नसताना कानात शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येते, तो कानातला आवाज रात्रीच का वाढतो, असं एकाने विचारलंय. तो वाढत नाही हो, भोवताली सामसूम झाल्यामुळे जास्त जाणवतो. बऱ्याचदा मुळात ऐकू कमी येत असतं. कानाकडून येणारे संकेत घटले की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, असं मानतात. म्हणून झोपताना पंखा किंवा पावसाचा आवाज हळू लावून ठेवा, कानातला आवाज पार बुडेल इतका मोठा नको. इअरप्लग घालून शांतता शोधायला गेलात तर उलटंच होतं.

आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठेक्यावर येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा. तिथे उशीर महागात पडतो.