दूरच्या तळांवरील सैनिकांना जुने व्हिडिओ गेम पाठवावेत का?

गुलबक्षी
आम्ही व्हर्जिनियात, नॉरफोकजवळ राहतो. नौदलाचा प्रचंड तळ शेजारीच आहे, त्यामुळे मुलांच्या वर्गात कुणाचे ना कुणाचे बाबा किंवा आई बोटीवर असतातच. यंदा मंडळाच्या गणपतीत एक खोकं ठेवावं, घरात पडून असलेले गेम आणि कन्सोल, म्हणजे ते खेळायची यंत्रं, लोकांनी त्यात टाकावेत आणि ते आपण तैनात सैनिकांना पाठवावेत, असं मी सुचवलं. बैठकीत यावरून सरळ दोन तट पडले, म्हणून इथे विचारते आहे.

अमेरिकेत ही कल्पना जुनी आहे. 'ऑपरेशन सप्लाय ड्रॉप' ही संस्था २०१० पासून गेमची पार्सलं पाठवू लागली. तिच्याच संस्थापकाने, जो स्वतः लष्करात अधिकारी होता, २०१५ मध्ये 'स्टॅक-अप' ही दुसरी संस्था सुरू केली. 'आयझेनहॉवर' ही विमानवाहू नौका ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या इथून निघाली ती जुलै २०२४ मध्ये परतली. त्यातला बराच काळ तांबड्या समुद्रात, क्षेपणास्त्रं आणि ड्रोन यांच्या माऱ्यात गेला. विशीतली पोरं आहेत ती. पाळी संपल्यावर चौघांनी मिळून तासभर खेळावं, हसावं, एवढी सोय आपण करू शकत असू तर का करू नये?

कोकणकडा
माझा विरोध आहे आणि तो स्पष्टच मांडतो. या देशात व्हिडिओ गेम आणि सैन्यभरती एकमेकांत गुंतलेली आहेत. अमेरिकी लष्कराने ४ जुलै २००२ रोजी 'अमेरिकाज आर्मी' हा स्वतःचा गेम फुकट वाटायला काढला, तो भरतीसाठीच, आणि २०२२ पर्यंत चालवला. २०२० मध्ये ट्विचवर, म्हणजे खेळ थेट दाखवणाऱ्या साइटवर, लष्कराचे खेळाडू पोरांना भरतीच्या पानावर नेतात म्हणून गदारोळ झाला. अशा भरतीवर पैसे खर्चू नयेत अशी दुरुस्ती इथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, प्रतिनिधिगृहात आली आणि पडली. लहान मुलं आपले गेम आणून त्या खोक्यात टाकणार, तेव्हा त्यांच्या मनात युद्ध म्हणजे खेळ हेच समीकरण पक्कं होणार. आणि गणपतीच्या मांडवात बंदुकांची चित्रं असलेल्या डिस्कचा ढीग मला बघवणार नाही.

गुलबक्षी
कोकणकडा, भरतीबद्दलचा तुमचा राग मला पटतो. पण जो आधीच तिथे गेलाय त्याला रिकाम्या वेळात काय मिळावं, हा प्रश्न वेगळा आहे. आणि सगळे गेम बंदुकीचेच असतात असं कुणी सांगितलं? मारिओ कार्ट आहे, फुटबॉल आहे, टेट्रिस आहे.

सांजवात
टेट्रिसचं नाव निघालं म्हणून लिहिते, मी मानसोपचार क्षेत्रात काम करते. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स यांच्या गटाने २००९ मध्ये प्रयोग केला. लोकांना भयंकर दृश्यांची फिल्म दाखवली, अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस खेळायला दिला. खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं मनात अचानक उसळण्याचा त्रास कमी झाला. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्याच रुग्णालयात, वाहन अपघातानंतर तातडीच्या विभागात आलेल्या ७१ जणांवर हेच केलं, तेव्हाही पहिल्या आठवड्यात फरक दिसला. मात्र याचा अर्थ 'गेम पाठवले की सैनिकांचं मन सावरतं' असा कुणी काढू नये. तिथे प्रसंग ताजा होता, त्याची आठवण मुद्दाम करून दिली होती आणि खेळ आकृत्या फिरवण्याचा होता. आपलं खोकं हा उपचार नव्हे. विरंगुळा म्हणून पाठवा, मी पाठीशी आहे.

पाठशिळा
मी अशा दोन मोहिमांत सामान छाटायला बसलो आहे. माझं मत: मोहीम करा, पण जे येईल ते भरून पाठवू नका. लोक अडगळ साफ करतात आणि त्याला दान म्हणतात. चरे पडलेल्या डिस्क, रिकामी खोकी, वायर हरवलेले कंट्रोलर.

अमेरिकेतल्या एक्सबॉक्स ३६० या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलचा वीजपुरवठ्याचा डबा ११० व्होल्टच्या घरासाठी बनलेला असतो. २२० च्या तळावर थेट लावला तर निकामी. दुसरी अडचण इंटरनेटची. आजच्या कित्येक डिस्कवर पूर्ण गेम नसतोच, उरलेला भाग उतरवून घ्यावा लागतो. वाळवंटातल्या छावणीत किंवा बोटीवर कोण उतरवणार? जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या त्यानंतरच्या कन्सोलसाठी चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटला जोडलंच पाहिजे अशी अट जाहीर केली होती. तैनातीवरच्या लोकांनी, बाकी गिऱ्हाइकांनीही ओरड केली आणि १९ जूनला कंपनीने ती मागे घेतली. तेव्हा स्विच या निन्टेंडोच्या छोट्या कन्सोलचं कार्ट्रिज, म्हणजे गेमची चकती नव्हे तर चिप, सगळ्यात उत्तम: खिशात मावतं, कुठल्याही देशातल्या स्विचवर चालतं. वापरलेल्या कन्सोलवरचं आपलं खातं आणि कार्डाची माहिती पुसायला विसरू नका.

लष्करी पत्त्यावर पार्सल देशांतर्गत दरात जातं, फक्त कस्टमचा फॉर्म भरावा लागतो. पण पत्ता नावानिशी हवा. 'कुणाही सैनिकाला' अशी टपालसोय पूर्वी होती, ती २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवून झालेल्या हल्ल्यांनंतर संरक्षण खात्याने थांबवली.

कोकणकडा
पाठशिळांचं वाचून माझा विरोध वाढला. छाटणी, टपाल, मुलांचे शनिवार-रविवार, एवढं करून पोचणार काय तर जुने खेळ. तेवढ्या टपालखर्चात इथेच परत आलेल्या एखाद्या जखमी सैनिकाच्या घरी महिन्याचा किराणा भरता येईल. त्यांची आठवण कुणाला होत नाही, कारण ते बोटीवर नाहीत, आपल्या गल्लीत आहेत.

सांजवात
एक करायचं म्हणून दुसरं थांबवायचं का? किराण्याची मोहीम तुम्ही उभी करा, पहिली वर्गणी माझी.

माजघर
मी साताऱ्याहून. मुलगा भारतीय लष्करात आहे, पत्त्यावर फक्त '५६ एपीओ' हा लष्करी टपालाचा क्रमांक असतो, कुठे आहे ते आम्हालाही कळत नाही. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली, त्यात पबजीही होतं. सुरक्षेचं कारण होतं आणि ते योग्यच होतं. तुम्ही पाठवताय ते इंटरनेटशिवाय चालणारं असेल तर ती भीती नाही.

मी दरवर्षी फराळ पाठवते. सुरुवातीला चकल्यांचा चुरा पोचायचा. मग मुलानेच सांगितलं, आई, शंकरपाळी आणि बाकरवडी पाठव, आणि पत्त्यांचे दोन कॅट. कोकणकडाभाऊ, युद्ध मलाही नको. माझ्याइतकं ते कुणाला नको असेल? पण तो तिथे आहे तोवर त्याच्या हाताला खेळायला काहीतरी असावं असं मला वाटतं.

कोकणकडा
ताई, तुमच्यापुढे वाद घालणार नाही. खोक्याबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. लहान मुलांना या कामातून वगळा, एवढी माझी मागणी बैठकीत राहील.

गुलबक्षी
मुलांना वगळायचं मला पटत नाही. सैनिक म्हणजे घरापासून लांब गेलेलं माणूस, हे त्यांना अशाच कामातून कळेल. बंदुकीचे गेम मांडवात घ्यायचे नाहीत, हे मात्र मी मान्य करते.

माजघरताई, तुमच्यामुळे क्रम उलटा करायचं ठरवलं. मुलाच्या वर्गमित्राचे वडील पुढच्या महिन्यात बोटीवर जाताहेत. त्यांच्या तुकडीकडून काय हवं आणि काय चालतं याची यादी आधी मागवते, मगच खोकं ठेवू. पाठशिळा, तपासणीला शनिवारी सकाळी येऊ शकाल का? एक चालू स्विच आणि टीव्ही मी आणते, प्रत्येक कार्ट्रिज लावून बघितल्याशिवाय पार्सलात जाणार नाही.

पाठशिळा
येतो. सोबत एक चार्जर आणि कंट्रोलरच्या जादा बॅटऱ्याही आणा. आणि टपाल कार्यालयात लिथियम बॅटरीचे नियम त्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या. २०१२ मध्ये काही महिने अशा वस्तू लष्करी पत्त्यांवरही घेत नव्हते.