मदत हवी आहे: लष्करी खर्च आणि बेरोजगारी, कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

एमएच्या प्रबंधासाठी लष्करी खर्चाचा आर्थिक वाढीवर आणि बेरोजगारीवर काय परिणाम होतो ते बघतेय. खर्चाचे आकडे सिप्रीचे (स्टॉकहोमची शांतता संशोधन संस्था), जीडीपी आणि बेरोजगारी वर्ल्ड बँकेची, १९९१ पासून, कारण आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) अंदाजांची सिरीज तिथूनच सुरू होते. पॅनेल रिग्रेशन केलं (अनेक देशांचा अनेक वर्षांचा डेटा एकत्र घेऊन), देश आणि वर्ष दोन्हीचे फिक्स्ड इफेक्ट टाकले, म्हणजे प्रत्येक देशाचं कायमचं वेगळेपण आणि सगळ्यांवर एकदम येणारे त्या वर्षाचे धक्के बाजूला काढले, खर्च एक वर्ष मागचा घेऊन पण बघितला.

अडचण अशी की खर्च जीडीपीच्या टक्केवारीत घेतला की वाढीशी संबंध निगेटिव्ह येतो, पण मंदीत जीडीपी पडला की खर्च तेवढाच राहूनही टक्केवारी आपोआप वाढते, मग हा खरा परिणाम की नुसता भागाकाराचा खेळ? म्हणून महागाई वजा करून खऱ्या खर्चाची वाढ घेतली तर संबंध जवळपास गायबच झाला. अर्थतज्ज्ञ बेनॉइटने १९७३ मध्ये ४४ विकसनशील देशांत उलट पॉझिटिव्ह संबंध दाखवला होता, त्यावर टीका पण खूप झाली, ती वाचलीय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बेरोजगारी १९४० च्या १४.६ टक्क्यांवरून १९४४ ला १.२ वर आली हेही माहितीय, पण तेव्हा लाखो लोक थेट सैन्यातच भरती झाले होते, त्यामुळे ते उदाहरण इथे लावायला मन धजत नाही.

डेटा वार्षिकच आहे, तिमाही मिळणार नाही. शेजारी देशांचा लष्करी खर्च इन्स्ट्रुमेंट म्हणून (म्हणजे ज्याचा वाढीवर परिणाम फक्त आपल्या लष्करी खर्चामार्फतच होतो असं बाहेरचं कारण) घेऊ का, की शेजाऱ्यांशी असलेल्या तणावाचा व्यापारावर आणि गुंतवणुकीवर थेट परिणाम होतो म्हणून तो इथे चालणारच नाही?