'बॉरोअर्स'मधला पोरगा भला आहे, पण घर त्यानेच बुडवलं

चिंचोके
मेरी नॉर्टनची 'द बॉरोअर्स' मालिका (पहिलं पुस्तक १९५२, शेवटचं १९८२) सलग वाचून काढली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यात, लंबकाच्या मोठ्या घड्याळाखाली, जमिनीच्या फळ्यांखालच्या पोकळीत पॉड, होमिली आणि त्यांची लेक ॲरिएटी राहतात. उंची वीतभरसुद्धा नाही. वरच्या मोठ्या माणसांच्या घरातून जे 'कुठे गेलं कोण जाणे' होतं, त्यावर या 'बॉरोअर्स'चा, म्हणजे उसनं घेणाऱ्यांचा, संसार. काडेपेट्या रचून केलेलं खणांचं कपाट, खाली टीपकागदाचा गालिचा, भिंतीवर व्हिक्टोरिया राणीची तसबीर म्हणून पोस्टाचं तिकीट. नियम एकच, मोठ्या माणसाच्या नजरेस पडायचं नाही.

मग आजारातून उठलेला नऊ वर्षांचा एक मुलगा त्या वाड्यात राहायला येतो. पॉड बाहुलीच्या खेळण्यातला कप घेऊन पडद्यावरून उतरत असतो आणि हा त्याला बघतो. ओरडत नाही. कप हातात घेतो, पॉड खाली पोचला की परत देतो. फार सुंदर जागा आहे ही. पण माझ्या मते नाशही तिथूनच सुरू होतो. पुढे हा रोज रात्री फळी उचकटून बाहुलीघरातलं सामान खाली द्यायला लागतो आणि होमिलीला चट लागते. खुर्च्या झाल्या, आता दिवाणखाना हवा. पॉडने जन्मभर एकेक टाचणी जपून आणलेली, आणि इथे छप्पर उघडून वरून वर्षाव! शेवटी काचेच्या कपाटातल्या शोभेच्या वस्तू गायब व्हायला लागतात आणि घर सांभाळणाऱ्या मिसेस ड्रायव्हरला संशय येतो. पुढचं सगळं त्यामुळेच.

भोचकभवानी
अजिबात पटलं नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर खापर? फळ्यांखालच्या या तिघांना संपवायला उंदीर मारणाऱ्याला कोणी बोलावलं, त्याने का? पोराला खोलीत कोंडून ठेवलं होतं, तरी निसटून त्याने त्यांना बाहेर पडता यावं म्हणून कुदळीने बाहेरची जाळी फोडली, म्हणून तर ते तिघं जगले. हेही लिहायचं की.

शिवाय 'देणारा' आणि 'घेणारे' इतकं सरळ नाही ते. मुलगा हिंदुस्थानात वाढलेला, दोन भाषांत वाढल्यामुळे इंग्रजी वाचताना अडखळतो. ॲरिएटी त्याला पुस्तकं वाचून दाखवते. म्हणजे फेड चालू आहे! बरोबरीचा व्यवहार आहे तो.

तिरपागडे
आयत्या बिळावर नागोबा, इथे तर अक्षरशः :)
बाकी चर्चा राहू द्या, ही चोरी आहे की नाही ते आधी ठरवा. मुलगा ॲरिएटीला तोंडावर सांगतो की ही चोरी झाली, तर ती हसते. म्हणे चोरी आपापल्यात होते, मोठी माणसं तर बॉरोअर्ससाठीच असतात. माझ्या लेकीने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी भावाचं खोडरबर तिच्या दप्तरात. आता बोला.

मुक्कामपोस्ट
तिरपागडे, खोडरबर पुस्तकाआधीही जात होतं हो. मजा अशी की त्या घरात चोरी न करणारं कोण आहे? मिसेस ड्रायव्हर स्वतः मालकिणीच्या मदेरा वाइनमधला घोटभर मारते, एखादा जुना पायमोज्यांचा जोड लांबवते, आणि तो तिला आपला हक्क वाटतो. कपाटातली वस्तू गेली की मात्र चोर शोधायला निघते.

पण माझी तक्रार वेगळी आहे. वर अंथरुणाला खिळलेली म्हातारी सोफी आत्या पॉडला बघते, त्याच्याशी गप्पा मारते आणि तो त्या मदेराचाच परिणाम समजते. ती किती गोड! आणि कपाट पुसणारी बाई मात्र खलनायिका. घरातली वस्तू गेली की पहिला संशय कुणावर घेतात, हे आपल्याकडे कुठल्याही मोलकरणीला विचारा. ड्रायव्हर घाबरणारच ना? लेखिकेने तिला ती भीती थोडी तरी द्यायची होती. नोकरांबद्दलचा हा दृष्टिकोन खटकतो, आणि १९५२ सालचं पुस्तक म्हणून मी सोडून देणार नाही.

चिंचोके
मुक्कामपोस्ट, हा मुद्दा मान्य. ड्रायव्हर फारच एकरंगी आहे.
भोचकभवानीताई, वाचनाची फेड ॲरिएटी करत होती, मागण्या होमिलीच्या होत्या. व्यवहार एकीशी आणि यादी दुसरीची! आणि लेखिका माझ्या बाजूची आहे हे चौथ्या पुस्तकात, 'अलॉफ्ट'मध्ये (१९६१) दिसतंच. मिस्टर पॉट हा पाय गमावलेला रेल्वेवाला आपल्या बागेत छोटं गाव उभं करतो. त्यातलं एक घर तो आणि मिस मेंझीस या कुटुंबासाठी सजवतात. नळाला पाणी, दिवे, सगळं मापाचं. पॉड एकदा नजर फिरवतो आणि म्हणतो, इथे राहायचं नाही. कारण आपण इथे आहोत हे त्यांना माहीत आहे. पहिल्या घरात जे शिकला ते तो इथे वापरतो.

भोचकभवानी
बरं झालं तुम्हीच 'अलॉफ्ट' काढलंत. त्याच पुस्तकात प्लॅटर नवराबायको त्यांना पकडून प्रदर्शनात मांडायला निघतात, पोटमाळ्यावर अख्खा हिवाळा डांबून ठेवतात. हे तिघं तिथेच फुगा आणि स्ट्रॉबेरीची टोपली जमवून उडून निसटतात. आता मला सांगा, प्लॅटर आणि मिस मेंझीस यांत फरक आहे की नाही? एकाला तिकीट लावायचंय, दुसरी नुसती लांबून बघते, बोलण्याचीही घाई करत नाही. पॉड दोघांना एकाच मापाने मोजतो. वर ॲरिएटीकडून वचन घेतात, यापुढे मोठ्या माणसांशी बोलायचं नाही! जी मुलगी पहिल्या पानापासून 'मला बाहेर जायचंय' म्हणतेय तिची एकुलती मैत्रीण तोडली. तुम्हाला हे शहाणपण वाटतं, मला बापाचा धसका वाटतो.

अडगुलंमडगुलं
अवांतर: एगलटिना आठवते का? काकाची मुलगी. घरच्यांनी तिला मांजराबद्दल सांगितलंच नाही, उगाच घाबरेल म्हणून. ती खुशाल बाहेर पडली आणि सगळ्यांनी तिला मेलेलीच धरली. पुढे जिवंत सापडते ते सोडा. पॉड आणि होमिली यावरूनच ॲरिएटीला खरं सांगायचं ठरवतात. म्हणजे धसका आहे, पण आंधळा नाही.

भोचकभवानी
सांगायचं ठरवतात, बरोबर. पण मांजर आहे हे सांगणं वेगळं आणि जगात फक्त मांजरंच आहेत हे सांगणं वेगळं. मिस मेंझीस मांजर नव्हती.

चिंचोके
नव्हती. पण पॉटच्या बागेत प्लॅटर येऊन गेलेच ना?