बारावी झाल्याची पत्रिका, आणि ती कुणाकुणाला पाठवायची?

साताऱ्याची सून

मंडळी, जरा अडचण आहे. हसू नका. किंवा हसा, पण उत्तर द्या.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो, नोव्हायला. थोरल्याचं हायस्कूल जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतंय. हिवाळ्यात शाळेतून गाउन-टोपीच्या ऑर्डरचा कागद आला होता. टोपी, गाउन, गोंडा आणि वर पंचवीस 'अनाउन्समेंट' म्हणजे पत्रिका, असं एकगठ्ठा पॅकेज. सुटं घेतलं तर फार काही वाचत नव्हतं, म्हणून घेऊन टाकलं. आता जेवणाच्या टेबलावर पंचवीस पत्रिका आणि पंचवीस पाकिटं पडून आहेत आणि आम्ही ओट्याशी उभं राहून जेवतोय.

पत्रिका देखणी आहे. जाड हस्तिदंती कागद, वर शाळेचं उठावाचं बोधचिन्ह, आत 'वर्ग २०२५' आणि समारंभाचा दिवस-वेळ. फक्त पोराचं नाव कुठेच नाही! ते वेगळ्या चिठोऱ्यावर छापलंय, आपण आत सरकवायचं.

मी बावळटासारखी पहिल्याच संध्याकाळी फोटो काढून सासरच्या ग्रुपवर टाकला. आमच्या आत्याबाई (नवऱ्याच्या आत्या, साताऱ्याला असतात) पहाटेच उठतात. लगेच फोन. "अगं, तीन आठवड्यांत व्हिसा कुठून होणार? आधी नाही का सांगायचंस?" शाळेने घरटी तिकिटं दिलीत चार. मी, नवरा, धाकटी आणि सध्या इथे आलेले सासरे, की संपली. त्यांना कुठे बसवू?

मग जाऊबाई. त्यांच्या मुलीचा बारावीचा निकाल ५ मेला लागला, तेव्हा विषय ताजाच. "ही बारावीच ना गं? मग टक्के कुठे लिहिलेत?" आणि चुलत सासऱ्यांनी फोटो बघून सासऱ्यांच्या खात्यावर ५,००१ रुपये टाकले. तेव्हापासून सासऱ्यांचं पालुपद एकच, ही पत्रिका म्हणजे आहेर मागणं झालं, खाली 'आहेर स्वीकारला जाणार नाही' छापून घे.

तर, पाठवायची कुणाला? डॅलसच्या मामेभावाशी दोन वर्षं नीट बोलणं नाही, त्याला पाठवावी का? आणि पुण्याच्या नणंदेला? तिच्या लेकीने ४ मेला दुसऱ्यांदा 'नीट' (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) दिली, निकाल जूनमध्ये. त्या घरात आत्ता हस्तिदंती पत्रिका जाऊन पडणं मला बरं वाटत नाही.

जुनी खोड

मी इथे १९९१ पासून. दोन मुलींची ग्रॅज्युएशनं काढली, आणि पहिलीच्या वेळी तू केलंस ते सगळं केलं. वर पत्रिका घरोघरी नेऊन दिल्या, हळदकुंकवाची बोटं लावून. शेजारच्या गोऱ्या आजी ते लाल बोट खरवडून बघत होत्या.

हे आमंत्रण नव्हे, कळवणं आहे. आपल्याकडे पूर्वी पोस्टकार्ड यायचं, 'मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप'. ते वाचून कुणी झबलं घेऊन स्टँडवर धावत नसे. झबलं बारशाला. तशी इथे पार्टी वेगळी आणि तिचं बोलावणं वेगळं. ओपन हाऊस (दिलेल्या वेळात केव्हाही येऊन जायची घरची पार्टी) करणार असशील तर त्याचं कार्ड निराळं काढ, दोन्ही एका पाकिटात कोंबू नकोस, नाहीतर आत्याबाई पुन्हा व्हिसाचं काढतील. दोन ते पाच लिहिलंस की शेजारी दोनला येतात, खातात, पावणेतीनला पुढच्या अंगणात जातात. जूनच्या शनिवारी या पोरांची चार-चार घरं असतात. आपली माणसं पाचला येतात. छोले दोनदा गरम करायची तयारी ठेव.

आता आहेराचं. तुझ्या सासऱ्यांचं चूक नाही, फक्त देश चुकलाय. आपल्याकडे पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असलं की घर खानदानी. इथे नेमकं उलट. भेट नको असं छापणंसुद्धा गैर समजतात, कारण समोरच्याच्या मनात नसताना भेटीचा विषय तुम्ही काढलात. म्हणून कागदावर काहीही छापू नकोस. आपल्या माणसांना तोंडी सांग, 'नुसतं कळवतेय हं, काही पाठवायचं नाही'. तरी पाठवतीलच. माझ्या दिराने एकशे एक डॉलरचा चेक दिला होता. वरचा एक डॉलर कशाला, हे लेकीने मला विचारलं आणि मला काही धड सांगता आलं नाही.

कुणाला पाठवायची याची माझी एकच परीक्षा. मुलगा त्या माणसाला काय म्हणून हाक मारतो, ते त्याला विचार. चटकन 'मामा' म्हणाला, तर तुमचं बोलणं असो वा नसो, पाठव. 'कोण ते?' म्हणाला तर नको. पत्रिका त्याची आहे. तुझी भांडणं तुझ्या पाकिटात.

तिकीटवाला

दोन ओळीच लिहितो. पाकीट चौकोनी आहे का, बघा. चारी बाजू सारख्या असल्या तर इथलं पोस्ट जादा पैसे घेतं, कारण यंत्रात ते नीट बसत नाही. मे २०२५ मध्ये साधं पाकीट ७३ सेंट होतं, चौकोनाला वर ४६. मी वीस पाकिटं तशीच टाकली होती, त्यातली काही 'टपालहंशील कमी' म्हणून परत आली. भारतात पाठवायला आंतरराष्ट्रीय तिकीट लागतं, तेव्हा ते एक डॉलर पासष्टचं होतं, तेही एक औंसापर्यंतच. जाड कागद आधी काट्यावर ठेवा.

सदाशिव पेठेतला भाचा

पाकिटाच्या या टोकाला असणाऱ्या माणसाचं ऐका. आम्हाला पुण्यात व्हॉट्सअॅपवरचा फोटो पुरतो. कागदाची गरज म्हाताऱ्यांना असते.

आत्येभावाच्या मुलाची अशीच पत्रिका न्यू जर्सीहून आमच्या वडिलांना आली. पाच आठवडे लागले, कोपरा फाटलेला. नावाचं चिठोरं वाटेतच कुठे पडलं असावं. वडिलांनी चष्मा लावून तीनदा वाचली आणि म्हणाले, "शाळा पास झालीय असं दिसतंय." फोन करून विचारल्यावर उलगडा झाला. मग स्वतः चौकात जाऊन अर्धा किलो पेढे आणले, जिन्यातल्या सहाही घरांत दिले, प्रत्येकाला ती पत्रिका हातात घेऊन बघायला लावली. इंग्रजी नेमकं काय लिहिलंय हे पहिल्या मजल्यावरच्या बाईंना दोनदा सांगितलं. अजून टीव्हीच्या काचेच्या कपाटात उभी आहे, गणपतीच्या शेजारी. तेव्हा आत्याबाईंना कागद पाठवाच, आणि चिठोरं आत नुसतं सरकवू नका, गोंदाचा एक ठिपका लावा. मागे मराठीत दोन ओळी पोराच्या हातच्या असल्या तर बघायलाच नको.

नणंदेचं मात्र थांबा. आमच्या घरात नीट दोनदा होऊन गेलीय. त्या महिन्यात दारावरची बेल वाजली तरी पोटात गोळा येतो.

गोंडा उजवीकडे

मी गेल्या वर्षी हायस्कूल संपवलं, मराठी टायपिंग स्लो आहे, सॉरी. पोराच्या बाजूने सांगतो. आईने आमच्या फॅमिली ग्रुपवर माझा जीपीए (चारपैकी मार्कांची सरासरी) टाकला होता. आजोबांनी विचारलं, चारपैकी एवढेच? पत्रिकेत मार्क नसतात ते खूप छान आहे, तसंच राहू द्या.

दुसरं म्हणजे ज्यांनी काही दिलं त्यांना थँक्यू कार्ड हाताने लिहायचं असतं. टेक्स्ट चालत नाही. मी ३१ लिहिली. आई ऑगस्टमध्ये डॉर्मचं सामान गाडीत भरू देईना, शेवटची सात टाकल्याशिवाय. पंचवीस पाठवाल तर तेवढी कार्डं तोच लिहिणार, म्हणून यादी त्याला करू द्या. माझ्या यादीत बसचा ड्रायव्हर होता. आईच्या यादीत नव्हता.

साताऱ्याची सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री यादी लेकाला करायला दिली. अकरा नावं निघाली. त्यात डॅलसचा मामा दुसऱ्या नंबरवर. मला माहीतच नव्हतं, हे दोघं रोज रात्री ऑनलाइन बुद्धिबळ खेळतात म्हणे. मी गप्प बसले आणि पत्ता लिहून दिला.

आत्याबाईंच्या पत्रिकेमागे त्याने मराठीत लिहिलंय, 'आत्याआजी, तुम्ही येऊ नका, मी डिसेंबरमध्ये येतो.' 'येऊ नका' जरा ठसठशीत झालंय, पण खोडायला दिलं नाही. गोंद लावला. पाकीट चौकोनी नाही, मोजून बघितलं.

नणंदेला परवा फोन केला, भाचीची चौकशी केली, आमच्याकडचा विषय काढला नाही. शेवटी तीच म्हणाली, "तुझ्याकडच्या पत्रिकेचा फोटो बघितला मी ग्रुपवर. आमची कुठंय?" एक बाजूला काढून ठेवलीय. पाच आठवडे लागत असतील तर निकालानंतरच पोचेल, म्हणून आजच टाकावी का, यावर नवऱ्याचं आणि माझं अजून एकमत नाही.

सासऱ्यांनी ५,००१ परत पाठवले. चुलत सासऱ्यांनी उलट ११,००१ टाकले.

उरलेल्या तेरा पत्रिका कुणाला हव्यात का? शाळेचं नाव सोडलं तर कागद फार छान आहे.